'बनगरवाडी' वर्गात शिकवताना: रूपवादी पद्धतीनं एक कादंबरी, दहा तासांत

दरवर्षी असंच होतं. बीएच्या वर्गात व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', म्हणजे धनगरांच्या वाडीवर शिकवायला आलेल्या तरुण मास्तरची कादंबरी, काढली की पहिल्या दहा मिनिटांत मागच्या बाकावरनं आवाज येतो, "मॅडम, ह्ये तर आमच्याच गावचं हाय की." आणि तो खरंच बोलतो, कारण सोलापूरच्या कॉलेजात सांगोला, मंगळवेढा, माळशिरसकडची पोरं भरपूर असतात, माणदेश त्यांच्या दारातच आहे, मेंढरं, घोंगडी, दुष्काळ, जनावरांच्या छावण्या हे सगळं त्यांनी पुस्तकाच्या आधी घरी बघितलंय. अडचण अशी की एकदा 'आमचंच आहे' म्हटलं की पुस्तक बाजूला पडतं. पोरगं डोळ्यासमोर स्वतःचं गाव आणतं, त्यावर बोलतं, भरभरून बोलतं, आणि माडगूळकरांनी लिहिलेलं वाक्य तसंच वाचायचं राहून जातं.

यात पोरांचा दोष नाही, मी स्वतः सुरुवातीची कितीतरी वर्षं तसंच शिकवलं. लेखकाचा जन्म १९२७, गाव माडगुळे, कादंबरी १९५५ची, ग्रामीण साहित्याचा प्रवाह, मग पात्रपरिचय, मग सारांश, मग 'शीर्षकाची समर्पकता', संपला विषय. एका वर्षी पेपर तपासायला बसले तर एकामागून एक उत्तरपत्रिकेत तेच वाक्य, 'या कादंबरीत गाव हाच नायक आहे'. चांगलं वाक्य आहे, चुकीचं पण नाही, पण ते त्यांना कुठल्या पानावर सापडलं हे एकानंही लिहिलं नव्हतं, कारण ते पुस्तकात सापडलेलंच नव्हतं, ते माझ्या नोट्समधनं आलं होतं. त्या रात्री ठरवलं की आता हे वाक्य मी सांगणार नाही. पोरांनी ते पुस्तकातनं शोधून सिद्ध करायचं, नाहीतर खोडून काढायचं.

तिथनं मी रूपवादी पद्धतीकडं वळले, म्हणजे पुस्तक काय सांगतं यापेक्षा ते शब्दांनी कसं बांधलंय हे बघायचं. खाली जे लिहितेय तो माझा दहा तासांचा आराखडा आहे, तुमच्याकडं तास कमी असतील तर काय घरी देता येतं आणि काय कापायचं नाही तेही सांगते. कादंबरी दुसरी असली तरी पायऱ्या याच चालतात.

आधी तुमची तयारी

पुस्तक स्वतः दोनदा वाचा. एकदा वाचक म्हणून, आणि एकदा हातात पेन्सिल घेऊन, दुसऱ्या वेळी फक्त एवढंच विचारत की हे असंच का लिहिलं, दुसऱ्या तऱ्हेनं का नाही. मग चार उतारे निवडा, चारच, प्रत्येकी साधारण एक पान: सुरुवातीचा वाडीकडं चालत जायचा भाग, कारभाऱ्याशी, म्हणजे वाडीच्या प्रमुखाशी, बोलणं असलेला एखादा भाग, मधला एखादा तणावाचा प्रसंग आणि शेवटचं पान. यांच्या झेरॉक्स काढा, बाजूला रुंद समास सोडून. हा समास फार महत्त्वाचा आहे, पोरं पुस्तकावर लिहायला घाबरतात, झेरॉक्सवर बिनधास्त लिहितात. वर्गातल्या सगळ्यांकडं एकच आवृत्ती आहे का तेही बघून घ्या, नाहीतर पान नंबर जुळत नाहीत आणि अर्धा तास त्यातच जातो.

आणि पोरांना व्हॉट्सॲप ग्रुपवर स्पष्ट सांगा की गाइड आणायचं नाही, आणि पिक्चर आत्ता बघायचा नाही. १९९५चा चित्रपट चांगला आहे, नंतर जरूर दाखवा, पण आधी बघितला तर पोरांना शब्द दिसायचे बंद होतात, चेहरेच दिसतात.

पहिला तास: चादर

पहिल्या तासाला मी पुस्तक उघडतच नाही. घरनं एक सोलापुरी चादर घेऊन जाते, मोराचं डिझाइन असलेली, आणि टेबलावर पसरते. फळ्यावर लिहिते: 'ही काय आहे ते सांगायचं, पण चादर, सुती, सोलापूर, पांघरूण हे शब्द वापरायचे नाहीत.' पहिली पाच मिनिटं सगळे हसतात. मग हळूहळू उठून जवळ येतात, हात लावतात, उलटी करून बघतात, उलट्या बाजूला तोच मोर पण रंग पालटलेले, हे सोलापुरात जन्म काढलेल्या पोरांनी पहिल्यांदा नीट बघितलेलं असतं.

दोन वर्षांपूर्वी या तासाला एक मुलगी बोलली. पूर्व भागातली, घरी तेलुगू, वडील यंत्रमागावर, एरवी वर्गात तोंड न उघडणारी. ती म्हणाली, "मॅडम, मोर म्हणून वेगळा धागा नसतो यात. तेच धागे आहेत, कुठले वर आले आणि कुठले खाली गेले त्यानं मोर दिसतो."

मी त्या दिवशी अजून काही शिकवलं नाही. आख्खा रूपवाद तिनं एका वाक्यात सांगितला होता. आपण साधारणपणे काय समजतो, की आशय आधी तयार असतो आणि लेखक त्याला भाषेचे कपडे घालतो. रूपवादी म्हणतात तसं नसतं, आशय म्हणून वेगळा धागा नसतोच, शब्दांच्या मांडणीतच तो दिसायला लागतो. मांडणी बदला, मोर गेला. तुमच्या गावात चादर नसेल तर येवल्याची पैठणी घ्या, गोधडी घ्या, काहीही घ्या, पण पोरांच्या हाताला लागेल अशी वस्तू घ्या. निव्वळ व्याख्येनं हा मुद्दा पोचत नाही, मी करून बघितलंय.

दुसरा तास: थिअरी, पण अर्धाच तास

थिअरी सांगायलाच हवी, पेपरात विचारतात, आणि पोरांना आपण कुणाच्या रस्त्यानं चाललोय ते कळायला हवं. पण अर्ध्या तासाच्या वर नको. मी एवढंच सांगते:

मॉस्कोत १९१५ला आणि पेत्रोग्रादला १९१६च्या आसपास काही तरुण अभ्यासक एकत्र आले, हेच रशियन रूपवादी, पेत्रोग्रादच्या गटाचं नाव ओपोयाझ. व्हिक्टर श्क्लोव्हस्कीचा १९१७चा निबंध, त्यात त्यानं म्हटलं की सवयीनं आपल्याला वस्तू दिसेनाशा होतात आणि कलेचं काम त्या पुन्हा दिसायला लावणं हे आहे. याला आपण मराठीत अपरिचितीकरण म्हणतो, शब्द जड आहे पण चादरीच्या तासानंतर पोरांना तो लगेच समजतो. त्यानं टॉलस्टॉयच्या एका कथेचं उदाहरण दिलंय, तिथं घोडा बोलतो आणि 'माझं' हा शब्द माणसं का वापरतात हे त्याला कळतच नाही. त्यांच्यातल्याच रोमान याकोबसननं विचारलं की साहित्याला साहित्य बनवणारी गोष्ट कुठली, तिला त्यानं साहित्यिकता म्हटलं. आयखेनबाउमनं १९१९ला गोगोलच्या 'ओव्हरकोट'वर लेख लिहिला, त्याच्या नावातच प्रश्न आहे की ही कथा बनलीय कशी. तो प्रश्न मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते आणि दहा तास पुसत नाही: 'हे बनलंय कसं?'

मग इंग्लंड-अमेरिका. आय. ए. रिचर्ड्सनं केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून कविता दिल्या आणि ते काय लिहितात बघितलं, त्याचं पुस्तक १९२९चं. पुढं अमेरिकेत नवसमीक्षा. विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ला सांगितलं की लेखकाच्या मनात काय होतं यावरनं कृतीची किंमत ठरवू नका. क्लीन्थ ब्रुक्सनं १९४७ला सांगितलं की कवितेचा सारांश म्हणजे कविता नव्हे. रशियन लोक युक्ती शोधतात, आणि नवसमीक्षक बघतात की कृतीतले ताण आणि विरोध मिळून एक आकृती कशी उभी राहते. पोरांना एवढा फरक कळला तरी खूप झालं.

आणि मराठीत कवी-समीक्षक बा. सी. मर्ढेकर, त्यांना वगळू नका. कलाकृतीत लय असते आणि ती संवाद, विरोध, समतोल या तत्त्वांनी बांधलेली असते हे त्यांनी मांडलं. 'सौंदर्य आणि साहित्य' हे त्यांचं पुस्तक १९५५चं, म्हणजे 'बनगरवाडी' ज्या वर्षी आली त्याच वर्षी. हे सांगितलं की पोरांच्या लक्षात राहतं, आणि आपण बाहेरनं आणलेली पट्टी मराठी पुस्तकाला लावत नाहीय हेही कळतं.

तिसरा तास: मोठ्यानं वाचणं

हा तास कधीही कापू नका. पहिला उतारा मोठ्यानं वाचायचा, आधी तुम्ही, मग दोन विद्यार्थी. एकावेळी एक वाक्य. प्रत्येक वाक्यानंतर थांबून तीनच गोष्टी विचारायच्या: या वाक्यात कोण काय करतंय, क्रियापद कुठलं, वाक्य लांब आहे की आखूड. अर्थ विचारायचा नाही, 'लेखकाला काय म्हणायचंय' हा प्रश्न तर या तासाला बंदच.

सुरुवातीला कंटाळवाणं वाटतं, मग विसाव्या मिनिटाला कुणीतरी म्हणतं, "मॅडम, नुसता चाललाय तो." तिथंच धरायचं. कादंबरी एका चालणाऱ्या माणसापासनं सुरू होते, वाडीपासनं नाही. वाडी अजून आलेली नाही. पुढच्या एवढ्या मोठ्या गोष्टीचं दार एका परक्या तरुणाच्या पायांनी उघडलंय, आणि आपल्याला वाडी दिसणार ती त्याला जेवढी दिसेल तेवढीच. हे पोरांनी समासात लिहायचं, स्वतःच्या शब्दांत.

चौथा आणि पाचवा तास: निवेदक

माझ्या मते सगळ्यात जास्त माल इथं आहे, म्हणून दोन तास. मास्तर 'मी' म्हणून सांगतो. पोरं म्हणतात, म्हणजे लेखकच. नाही. आधी हा गैरसमज काढायचा. माडगूळकर वेगळे, मास्तर वेगळा, आणि मास्तरही दोन आहेत: तेव्हा वाडीत राहत होता तो, आणि नंतर हे सगळं आठवून सांगतोय तो. पहिल्याला पुढं काय होणार माहीत नाही, दुसऱ्याला सगळं माहीत आहे आणि तरी तो आधी सांगून टाकत नाही. ही एक युक्ती आहे, तिला नाव द्या, 'राखून सांगणं' म्हणा, चालेल.

मग एक काम द्यायचं. उताऱ्यातला एक परिच्छेद 'मी' काढून 'तो'मध्ये लिहा. बस, बाकी काही बदलायचं नाही. दहा मिनिटांत पोरांना कळतं की परिच्छेद सरकारी रिपोर्टसारखा व्हायला लागलाय, आणि काय हरवलं हे त्यांना बोटानं दाखवता येतं.

दुसरं काम अंजीच्या चोळीचा प्रसंग. कारभाऱ्याची पोरगी अंजी मास्तरला चोळी शिवून आणायला सांगते, त्यातनं बोलणं उठतं, वाडीत दादू बालट्यासारखी खोडसाळ माणसं असल्यावर ते वाढतं आणि कारभारी बिथरतो. आता हा प्रसंग पोरांनी अंजीच्या तोंडून सांगायचा, पंधरा ओळीत. मुली हे फार सुंदर लिहितात, पण लिहून झाल्यावर मूळ प्रश्नाकडं परत यायचं: पुस्तकात अंजीच्या मनातलं आपल्याला कळतं का? नाही कळत, कारण खिडकी मास्तरच्या खोलीची आहे. मास्तरचं मन आपल्याला माहीत आहे आणि गावाला माहीत नाही, त्या दोन माहित्यांच्या मधल्या फटीत हा सगळा प्रसंग उभा आहे. तिसऱ्या कुणी सांगितला असता तर ती फटच राहिली नसती. पोरांना 'विरोधाभास', 'ताण' हे शब्द आधी व्याख्येतनं देऊ नका, इथं द्या, गरज पडल्यावर दिलेला शब्द टिकतो.

तुमच्याकडं तास कमी असतील तर 'तो'वालं काम घरी द्या, अंजीचं मात्र वर्गातच करा.

सहावा तास: आधी काय घडलं आणि आधी काय सांगितलं

श्क्लोव्हस्कीची मंडळी गोष्टीतल्या घटनांच्या मूळ क्रमाला फाबुला म्हणतात आणि त्या ज्या पद्धतीनं मांडल्यात त्याला स्युझेट. आपण घटनाक्रम आणि कथनक्रम म्हणू. बहुतेक नोट्समध्ये इथं 'फ्लॅशबॅक शोधा' असं लिहिलेलं असतं. 'बनगरवाडी'त ते शोधत बसू नका, ही कादंबरी बऱ्यापैकी सरळ पुढं जाते. इथली करामत क्रमात नाही, वेगात आहे.

म्हणून मोजायला लावा. वर्गाचे पाच गट, प्रत्येकाला प्रसंग वाटून द्या: वाडीवर येणं, शाळा जमवणं, चोळीचं प्रकरण, तालीम बांधणं आणि राजाचं येणं, दुष्काळ. प्रत्येक गटानं दोनच आकडे काढायचे: गोष्टीत किती काळ गेला, आणि पुस्तकात किती पानं. फळ्यावर तक्ता काढा. एका सकाळच्या चालण्याला जेवढी जागा मिळालीय तेवढी पुढं कित्येक आठवड्यांना मिळत नाही, हे आकड्यात दिसलं की वर्ग एकदम जागा होतो. आमच्याकडं कॉमर्स सोडून आर्ट्सला आलेला एक विद्यार्थी होता, त्यानं ग्राफच काढून आणला, आडव्या रेघेवर महिने आणि उभ्या रेघेवर पानं. मग प्रश्न विचारायचा, की जिथं पानं जास्त तिथं लेखक आपल्याला थांबवतोय, जिथं कमी तिथं ढकलतोय, तर तो कुठं थांबवतो आणि का? उत्तर मी देत नाही. वाद होऊ देते.

सातवा तास: बोली आणि निवेदनाची भाषा

दोन रंगांचे पेन. संवाद एका रंगानं, निवेदन दुसऱ्यानं. संवादात माणदेशी बोली, निवेदनात शिकलेल्या मास्तरची साधी, आखूड वाक्यांची मराठी, अधनंमधनं तिथलेच शब्द मिसळलेले. पोरं 'बोलीभाषेमुळे जिवंतपणा येतो' असं लगेच लिहितात, हे वाक्य मी खोडते, कारण ते कुठल्याही ग्रामीण पुस्तकाला चिकटवता येतं. विचारायचं असं: मास्तर निवेदनातही बोलीत बोलला असता तर काय झालं असतं? आणि सगळेच प्रमाण मराठीत बोलले असते तर? दोन भाषांमधलं जे अंतर आहे तेच मास्तर आणि वाडी यांच्यातलं अंतर आहे, म्हणजे हे नातं कुणी समजावून सांगत नाही, पानाच्या रंगांत ते दिसतं. मग पुढचं काम: हे अंतर पुस्तकभर सारखंच राहतं की कुठं कमी होतं, पान नंबर लिहा.

या तासाला मला कायम ज्यांची मदत होते ती म्हणजे घरी तेलुगू, कन्नड नाहीतर दखनी बोलणारी पोरं. सांगोल्याच्या पोराला त्या बोलीत काहीच विशेष दिसत नाही, तो सरसर वाचून पुढं जातो. ही पोरं प्रत्येक शब्दाला अडखळतात आणि अडखळतात म्हणूनच बघतात. एरवी मराठीत कच्ची म्हणून मागं बसवलेली पोरं या तासाला पुढं येतात, आणि हे बघायला मिळतं म्हणून मी हा तास कितीही घाई असली तरी घेतेच.

आठवा तास: जोड्या आणि आकृती

इथं मर्ढेकर कामाला येतात. पहिला आणि शेवटचा उतारा शेजारी ठेवायचे. पोरांनी जोड्या शोधायच्या, सारख्या गोष्टी आणि उलट्या गोष्टी. सुरुवातीला मास्तर येतो तेव्हा शाळा रिकामी, कारण पोरं मेंढरामागं. शेवटी दुष्काळात पोरं गेलेली, शाळा पुन्हा रिकामी. सुरुवातीला येणं, शेवटी जाणं. मध्ये तालीम, सगळ्या वाडीनं मिळून उभी केलेली एकच गोष्ट, दगडामातीची, न हलणारी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना सतत हलणारी माणसं आणि मेंढरं. सारखेपणा हा संवाद, उलटेपणा हा विरोध, आणि मधली तालीम ही समतोलाची जागा धरता येते का? 'येते का' असंच विचारा. एक वर्ष एका गटानं ठाम सांगितलं की तालीम मधोमध बसत नाही, पानं मोजली तर ती पुढं सरकलेली आहे, म्हणून तिच्यानंतरची पडझड इतकी झटकन येते. मला हे सुचलं नव्हतं.

एक धोका सांगते. या तासाला पोरं प्रतीकांच्या मागं लागतात, मेंढरू म्हणजे अमुक, लिंब म्हणजे तमुक. सरळ थांबवायचं. मेंढरू आधी मेंढरूच आहे. ते कितीदा येतं, कुणाबरोबर येतं, कधी येईनासं होतं, एवढं बघितलं की पुरे.

नववा तास: दुःख कुठं आहे

रूपवाद म्हणजे कोरडेपणा असा आक्षेप आमच्या स्टाफरूममध्येच मी ऐकलाय. म्हणून हा तास. वाडीतल्या शेकूला दुसरा बैल मिळत नाही आणि त्याची बायको औताला खांदा देते तो प्रसंग, आणि शेवटचं पान. काम एकच: दुःख, वेदना, करुण, हळहळ असे भावना सांगणारे शब्द अधोरेखित करा.

मंगळवेढ्याकडचा एक विद्यार्थी होता, त्याच्या घरची माणसं दुष्काळात मेंढरं घेऊन लांब गेली होती, तो शेवटच्या प्रकरणावर कधी बोलायचाच नाही आणि मी पण त्याला विचारलं नव्हतं. या तासाला तो पेन्सिल घेऊन बसला, आणि उठून म्हणाला, "मॅडम, रडायचे शब्दच नाहीत यात. मोजकेच आहेत. पण वाचताना मात्र..." आणि खाली बसला. मग त्यानंच दाखवलं की वाक्यं आखूड होत गेलीत आणि निवेदक काय दिसलं तेवढंच सांगतो, त्यावर स्वतःचं बोलत नाही. त्याला स्वतःच्या घरची गोष्ट सगळ्यांसमोर उघडी करावी लागली नाही, आणि तरी त्या पानाबद्दल वर्गात सगळ्यात खरं तोच बोलला. 'तुला काय वाटलं' हा प्रश्न पोरांना उघडं पाडतो, 'हे कुठल्या शब्दानं वाटलं' हा प्रश्न त्यांना हातात काहीतरी धरायला देतो. या पद्धतीवर माझा जीव आहे तो यासाठीच.

दहावा तास: आता दारं उघडा

नऊ तास लेखक आणि इतिहास बाहेर ठेवला, आता आत घ्या. औंध संस्थान, तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांचा सूर्यनमस्काराचा ध्यास, १९३९ला तिथं गांधीजींच्या सल्ल्यानं झालेला ग्रामराज्याचा प्रयोग, १९४८ला संस्थानाचं विलीनीकरण, आटपाडीचा भाग त्याच संस्थानातला. हे ऐकल्यावर पोरं म्हणतात, म्हणजे राजा तालमीला का येतो ते आता कळलं. अर्धंच कळलं, असं मी म्हणते. तसा राजा होता हे इतिहास सांगेल, पण तो कादंबरीत त्याच जागी का येतो हे आठव्या तासाच्या आकृतीतच आहे. रशियन क्रांतीतला नेता ट्रॉट्स्की, त्यानं त्याच्या पुस्तकात रूपवाद्यांवर टीका केली होती की समाजाला बाजूला ठेवून साहित्य पुरतं समजत नाही, तीही सांगा, पोरांना बाजू घेऊ द्या. धनगर समाजाचं चित्रण, बाईचं स्थान, जात, हे प्रश्न पोरं विचारणारच आणि विचारलेच पाहिजेत. फक्त आता ती हवेत बोलत नाहीत, पान काढून बोलतात.

उत्तर लिहायला कसं लावायचं

साधा नियम: प्रत्येक विधानामागं एक जागा, प्रत्येक जागेमागं एक 'कसं'. 'निवेदक संयमी आहे' हे विधान. अमुक प्रसंगात तो भाष्य करत नाही, ही जागा. वाक्य आखूड, क्रियापदांवर भर, भाववाचक शब्द नाहीत, हे 'कसं'. तीन असे तुकडे झाले की एक उत्तर होतं. परीक्षेत पुस्तक जवळ नसतं, म्हणून प्रसंग नेमका ओळखता येईल एवढं वर्णन पुरे, पण वर्गातल्या कामात पान नंबर हवाच. मार्क देताना मी निम्मे 'कसं'ला ठेवते. आणि सारांशाला शून्य, हे आधीच सांगून टाकते, मग कुणी रुसत नाही.

शेवटची चाचणी रिचर्ड्सच्या पद्धतीनं: न वाचलेल्या दुसऱ्या कादंबरीतलं एक पान, नाव-गाव काढून, चाळीस मिनिटं. 'बनगरवाडी' पाठ झालीय की वाचायला आलंय, ते इथं कळतं.

त्या चाचणीबरोबर मी एक घरचा निबंध पण देते, विषय एकच, 'गाव हाच नायक आहे का?'. चादरीवाल्या त्या मुलीनं दोन पानं लिहून दिली. तिचं म्हणणं असं, की मास्तर स्वतःच्या घराबद्दल, स्वतःच्या सुखदुःखाबद्दल फार थोडं बोलतो, ते तिनं शोधून ओळी मोजल्या होत्या, आणि पुढं लिहिलं होतं, 'गाव पुढे येत नाही. मास्तर मागे सरकतो म्हणून गाव दिसते.' मी त्याखाली दोन रेघा ओढल्या, पूर्ण मार्क दिले, आणि तिच्या चार दाखल्यांपैकी एकासमोर लाल पेननं लिहिलं, 'पान?'

दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आधी ती दारात उभी होती, पुस्तकात बोट घालून.